तुरुंगांतून आलेला प्रश्न

(मत्तय ११:२-११, लूक ७:१८-२८)



बाप्तिस्मा करणारा योहान हा अल्पविश्वासी मनुष्य नव्हता. यार्देनेच्या कांठीं लोकांच्या देखत येशूकडे बोट दाखवून त्यानें साक्ष दिली होती. पुढें हेरोद राजाचें पाप त्याच्या तोंडावर सांगितल्यामुळें तो बंदींत पडला. यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो कीं, मृतसमुद्राच्या पूर्वेस असलेल्या मखाइरस किल्ल्यांत त्याला ठेविलें होतें. रानांत मोकळ्या आकाशाखालीं राहिलेला तो पुरुष आतां चार भिंतींच्या आंत दिवस मोजूं लागला. दुष्ट राजा सिंहासनावर आणि देवाचा सेवक बेडींत! मशीहा आला आहे, तर हें असें कां? तेव्हां त्यानें आपले शिष्य येशूकडे पाठविले व ज्याची आम्ही वाट पाहत होतों तो तूंच ना, असें विचारविलें.

योहानानें आपला संशय लपविला नाहीं, व तो घेऊन दुसऱ्या कोणाकडे गेलाहि नाहीं. ज्याच्याविषयीं संशय, त्यालाच त्यानें विचारिलें.

प्रभु रागावला नाहीं. त्याच घटकेस त्यानें पुष्कळ रोग्यांस बरें केलें, आणि जें पाहिलें व ऐकिलें तें योहानास जाऊन सांगा, असें म्हटलें. आंधळे, पांगळे, बहिरे, दरिद्री यांचीं हीं नांवें यशयाच्या ग्रंथांतील आहेत (अध्याय ३५ व ६१). योहानास तीं तत्काळ ओळखूं आलीं असतील. परंतु त्याच ६१व्या अध्यायांत बंदिवानांच्या सुटकेचेंहि वचन आहे. नासरेथच्या सभास्थानांत प्रभूनें तें वाचिलें होतें. योहानास दिलेल्या उत्तरांत मात्र त्याचा उल्लेख नाहीं! बंदिवानाला तेवढी एक गोष्ट सांगितली नाहीं. आणि जो माझ्यामुळें अडखळत नाहीं तो धन्य, हें सांगितलें.

निरोपे निघून गेल्यावर प्रभूनें योहानाची स्तुति केली. आपल्यांत स्तुति तोंडावर व निंदा पाठीमागें होत असते. प्रभूनें ज्या दिवशीं त्याचा संशय ऐकिला, त्याच दिवशीं त्याच्या पाठीमागें त्याचा गौरव केला.

येथें मला माझी एक चूक सांगणें प्राप्त आहे. एका खेड्यांत एका बंधूचें एकुलतें एक मूल तापानें वारलें. मूठमाती देऊन परततांना तो मला म्हणाला, "पाळकसाहेब, आम्ही रात्रभर गुडघे टेकले. देवानें ऐकलें नाहीं का?" मी घाईनें म्हणालों, "असें बोलूं नये, हें पाप आहे." तो गप्प बसला. त्या दिवसापासून देवळांत त्याची जागा रिकामी राहूं लागली, आणि तोच प्रश्न तो चावडीवर विचारूं लागला. मीं त्याचा संशय घालविला नव्हता, त्याला प्रभूच्या दारांतून मात्र घालविलें होतें. दोन पावसाळे गेल्यावर मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलों, क्षमा मागितली व हा उतारा वाचला. मग आम्हीं दोघांनीं तो प्रश्न जसाच्या तसा प्रार्थनेंत देवापुढें ठेविला. पुढील रविवारीं तो देवळांत आला व म्हणाला, "साहेब, प्रश्न आहे तसाच आहे, पण आतां तो घेऊन येथें येतां येतें."

उपदेशक बंधूंनो, पाप सोडावयाचें नाहीं म्हणून काढलेली सबब निराळी, आणि दुःखी जीवाचा प्रश्न निराळा. जो रडत विचारितो त्याचें तोंड बंद करूं नका. त्याच्याबरोबर प्रभूकडे जा, आणि प्रभूनें तुमच्या गांवांत जें केलेलें तुम्हीं पाहिलें व ऐकिलें, तेवढेंच त्याला सांगा.

योहानाचा तुरुंग उघडला नाहीं. तेथेंच त्याचा वध झाला. त्याच्या शिष्यांनीं देह पुरला आणि जाऊन येशूला सांगितलें (मत्तय १४:१२). प्रश्न घेऊन ते एकदां ज्याच्याकडे गेले होते, त्याच्याकडेच शोक घेऊनहि गेले. वाट त्यांच्या पायांखालची झाली होती. आपल्या पायांसहि ती वाट लागो. आमेन.