विकत न मिळणारा आठवडा

ऑनलाइन खेळांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते दोन टोकांना जाते. एका टोकाला मोबाइलवर तासन्‌तास गोळ्या झाडत बसलेला मुलगा, दुसऱ्या टोकाला पैसे लावून कर्जबाजारी झालेला तरुण. पालकांच्या काळजीला आणि सरकारच्या कायद्याला मुख्यतः हीच दोन रूपे दिसतात. या दोन्हींहून निराळा एक खेळ गेली पंचवीसहून अधिक वर्षे जगभर खेळला जातो, त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो म्हणजे फुटबॉलचा क्लब चालवण्याचा खेळ. त्यात चेंडूला पाय लागत नाही, बोटांची चपळाईही लागत नाही. खेळणारा एका काल्पनिक क्लबचा मॅनेजर असतो. खेळाडू घेणे-विकणे, सराव ठरवणे, पगार भागवणे, स्टेडियम वाढवणे आणि सामन्याआधी संघ लावणे एवढेच त्याचे काम, आणि समोरचा क्लबही कुणी माणूसच चालवत असतो. या खेळाचे मोल मला त्याच्या घड्याळात दिसते. तो सर्वांना सारखीच वाट पाहायला लावतो. ही वाट ज्या दिवशी पैसे देऊन चुकवता येते, त्या दिवशी त्यातले खेळपण संपते. आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण या शहरांतल्या माणसांनी हा भेद नीट ओळखावा असे मला वाटते, कारण वाट पाहण्याची किंमत त्यांच्याइतकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

मुद्दा नेमका कळण्यासाठी हॅटट्रिक या खेळाची रचना पाहू. १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला हा खेळ ब्राउझरमध्ये चालतो. एका गटात आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे लीगचे चौदा सामने, आणि सगळा हंगाम सोळा आठवड्यांचा. लीगचा सामना आठवड्यातून एकच. सरावाचे फळही आठवड्याला एकदाच मिळते, आणि तेही निवडलेल्या प्रकारापुरतेच. बचावावर भर दिला तर पासिंग मागे राहते, गोलरक्षक घडवायला घेतला तर आघाडीवीर आहेत तिथेच थांबतात. खेळाडूचे एक वर्ष ११२ दिवसांचे. सतरा वर्षांचा मुलगा संघात घेतला तर तो पंचविशीत पोचायला ८९६ दिवस, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे जातात. कोवळ्या वयात तो भराभर शिकतो, पुढे शिकणे मंदावते. त्यामुळे कुणावर किती आठवडे खर्चायचे हा निर्णय एकदा घेतला की घेतला. स्टेडियमच्या खुर्च्या वाढवल्या तर तिकिटांचे उत्पन्न वाढते, पण बांधकामाचे पैसे आधी मोजावे लागतात आणि देखभालीचा खर्च मागे लागतो तो कायमचा. हौसेने वर्गणी भरणाऱ्याला काही जादा सोयी मिळतात, मात्र त्याचा संघ त्यामुळे बलवान होत नाही. त्याचा आठवडाही सात दिवसांचाच राहतो.

हे सगळे संगणकाविरुद्ध एकट्यानेही खेळता येते, मग इतर माणसे कशाला, असे कुणी विचारील. १९९२ साली ब्रिटनमध्ये चॅम्पियनशिप मॅनेजर निघाला आणि त्याच्या निर्मात्यांनी पुढे २००४ पासून फुटबॉल मॅनेजर या नावाने ती परंपरा चालवली. तपशिलाच्या बाबतीत ही मालिका कितीतरी संपन्न आहे. पण एकट्याने खेळताना घड्याळ खेळणाऱ्याच्या हाती असते. एका शनिवार-रविवारात अख्खा हंगाम उरकता येतो, आणि हरलेला सामना नकोसा झाला तर आधी साठवलेल्या जागेवरून पुन्हा खेळता येतो. माणसांमध्ये खेळताना ही पळवाट बंद होते. लिलावात एखादा मध्यरक्षक मी जास्त बोली लावून घेतला तर तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. माझी चूक कुणाच्या तरी फायद्याची ठरते आणि तो फायदा परत घेता येत नाही. फँटसी लीगशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या फँटसी खेळात लाखो जण एकाच वेळी एकच खेळाडू घेऊ शकतात, आणि गुण ठरतात ते प्रत्यक्ष मैदानावर दुसऱ्या कुणाच्या पायांनी. तिथे अंदाज बरोबर येण्याचे सुख आहे. क्लब चालवण्याच्या खेळात आपण घडवलेल्या गोष्टीचे परिणाम आपल्यालाच भोगावे लागतात, आणि तेही इतरांच्या साक्षीने. हॅटट्रिकमध्ये देशाच्या संघाचा प्रशिक्षकसुद्धा खेळणारेच मतदान करून निवडतात. कुणाचा क्लब कसा चालला आहे आणि त्याचे बोलणे कितपत विश्वासार्ह आहे, हे मतदार पाहू शकतात.

आता या शहरांकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. सीएसएमटीपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. या अंतराने इथल्या माणसाचा दिवस आखून दिलेला आहे. डोंबिवलीहून जलद लोकल पकडली तरी जायला तासाहून अधिक वेळ लागतो, यायला तेवढाच. त्यातही गाडी वेळेवर असेल, आत शिरता येईल आणि उभे राहायला जागा मिळेल, तरच. अशा माणसाला सलग दोन तासांचा छंद परवडत नाही. त्याच्याकडे उरतात ते तुकडे: जेवणानंतरची वीस मिनिटे, फलाटावरची दहा. भराभर चालणारे मोबाइल-खेळ नेमके याच तुकड्यांवर टपलेले असतात. ते प्रत्येक तुकडा सूचनांनी, बक्षिसांनी आणि ‘आत्ता आला नाहीत तर गमवाल’ अशा धाकाने भरून टाकतात. संथ खेळ तोच तुकडा वापरतो, पण त्याला आणखी तुकडे नको असतात. संघ दोन दिवस आधी लावून ठेवता येतो. फोन खिशात असताना, गर्दीत हात वर करायलाही वाव नसताना, पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा विचार मनात चालू राहतो. आणि ठाण्यातल्या बोरीवड्याजवळच्या उंच इमारतीत राहणाऱ्याचा आठवडा दिवा परिसरातल्या एका खोलीत राहणाऱ्याच्या आठवड्याहून लहान नसतो. प्रवासात, घराच्या आकारात, पाण्याच्या वेळेत ही समानता या पट्ट्यात कुठेच नाही.

याच शहरांनी उरलेल्या वेळातून संस्था उभ्या केल्या, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झाली आणि तिथून महाराष्ट्रभर गेली. अशी कामे नोकरी सांभाळून, बिनपगारी, वर्षानुवर्षे करावी लागतात. गृहनिर्माण सोसायटीची कमिटी हे त्याचे सर्वांत साधे रूप. सिंकिंग फंडात दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम टाकायची, ती आजच्या रंगरंगोटीवर न उधळता पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखायची, आणि वार्षिक सभेत त्यावरून बोलणीही खायची. क्लब चालवण्याच्या खेळात तोच पेच येतो. आज महागडा आघाडीवीर घेऊन गटात पहिले यायचे, की तीन हंगामांनी फळ देणारी मुले घडवत मधल्या काळातले पराभव सोसायचे? खेळाने सोसायटी चालवता येते असा माझा दावा नाही. उशिरा फळणाऱ्या निर्णयाची सवय मात्र कुठेतरी लागावी लागते, आणि आजच्या तरुणाभोवतीच्या बहुतेक गोष्टी त्याला नेमक्या उलट्या सवयीत वाढवतात.

यावर पहिला आक्षेप मैदानाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मुलांना खरा फुटबॉल खेळायला जागा नाही, मोकळे भूखंड इमारतींखाली गेले, टर्फ तासाच्या भाड्याने घ्यावे लागते, आणि आपण त्यांच्या हाती पडद्यावरचा क्लब द्यायचा का? या आक्षेपाला माझे उत्तर सरळ आहे. पडद्यावरचा कुठलाही खेळ मैदानाची जागा घेऊ शकत नाही, आणि मैदान मागण्याचे आपले काम त्याने कणभरही हलके होत नाही. चौदा वर्षांच्या मुलासमोर मैदान आणि मोबाइल असे दोनच पर्याय असतील तर मी मैदानाच्या बाजूने आहे. पण मैदान मिळूनही भारतीय फुटबॉलचे घोडे जिथे अडते ती जागा पाहिली पाहिजे. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये तो बंद झाला. तो मैदानावर हरून संपला नव्हता, चालवणाऱ्यांनी तो थांबवला. २०२५ च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम स्थगित झाला, कारण फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला व्यावसायिक करार संपत आला होता आणि पुढचे काहीच ठरले नव्हते. खेळाडू तयार होते, प्रेक्षक होते. कमी पडली ती संस्था चालवण्याची दूरदृष्टी. पगार, करार, अकादमी, स्टेडियम यांचे गणित समजणारा प्रेक्षक वाढला तर क्लबांना आणि फेडरेशनला विचारले जाणारे प्रश्नही सुधारतील. या खेळाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. या खेळात माणूस आकड्यांत मोजला जातो. एकोणतिशीचा खेळाडू उतरणीला लागला की विकून टाका, दुखापत झालेला ओझे वाटतो. अशा सवयीतून माणसांकडे मालमत्ता म्हणून पाहणारे व्यवस्थापक तयार होणार नाहीत का? धोका खरा आहे, आणि व्यवस्थापन शिकण्याचे साधन म्हणून या खेळांची जाहिरात करणाऱ्यांनी तो झाकू नये. पडद्यावरच्या बचावपटूला घरभाडे नसते, त्याची आई आजारी पडत नाही. पण खेळात आकड्यांपलीकडची जी माणसे आहेत, ती प्रतिस्पर्धी म्हणून समोर असतात. त्यांना फसवून, दुसरे खोटे खाते उघडून आपल्याच संघाला स्वस्तात खेळाडू विकणे ही अशा खेळांतली सर्वांत निंद्य गोष्ट मानली जाते, आणि हॅटट्रिकमध्ये तिच्यावर लक्ष ठेवणारे बव्हंशी स्वयंसेवकच असतात. खेळाडूंशी कसे वागावे हे हा खेळ शिकवत नाही. बरोबरीच्या माणसांशी स्पर्धा करताना नियम का पाळावेत, हे तो नक्की शिकवतो.

तिसरा आक्षेप व्यसनाचा आणि पैशांचा. इथे कायद्याने एक रेघ ओढली आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळांना वेगळे ठेवले. फँटसी खेळ चालवणाऱ्या मुंबईच्या ड्रीम इलेव्हन या कंपनीला आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. ही रेघ आवश्यक होती, पण ती पुरेशी नाही. क्लब चालवण्याच्या अनेक नव्या खेळांत कुणी पैसे जिंकत नाही, खर्च मात्र करतो. बेलग्रेडमधल्या नॉर्डियसने २०१० मध्ये काढलेला टॉप इलेव्हन हा त्यांतला अतिशय लोकप्रिय खेळ. त्याचा हंगाम २८ दिवसांचा, सामना रोजचा, आणि टोकन खऱ्या पैशांनी विकत घेता येतात. तो मन लावून, एक पैसाही न घालता खेळणारे पुष्कळ असतील. तरीही जिथे थकवा, दुखापत किंवा प्रतीक्षा यांवर टोकन हा इलाज होतो, तिथे वाट पाहणे हा खेळाचा नियम राहत नाही, ती विक्रीची वस्तू होते. मग खेळाची रचनाच अशी होऊ लागते की वाट नकोशी वाटावी. जुगाराहून हे सौम्य आहे, पण माणसाच्या अधीरतेवर पैसे मिळवण्याची रीत तीच आहे. कायदा विचारतो, पैसे जिंकता येतात का? पालकांनी आणि खेळणाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारावा: इथे वेळ विकत मिळतो का?

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. वेळ न विकणारा खेळ टिकतच नाही, असे म्हणता येईल. २००९ च्या सुमारास हॅटट्रिक खेळणारे दहा लाखांच्या जवळ पोचले होते, त्यानंतर ते खूप घटले. स्मार्टफोन आले, लोकांना झटपट निकाल हवेसे झाले आणि बाजार टोकनांच्या बाजूने गेला. ही वस्तुस्थिती मी नाकारत नाही. पण तेवढ्यावरून तो खेळ फसला असे ठरत नाही. वाचनालयाचे सभासद घटले म्हणून वाचनाचे मोल घटले असे आपण मानत नाही. पाव शतकाहून अधिक काळ एखादा खेळ वर्गणीवर, स्वयंसेवकांवर आणि खेळणाऱ्यांच्या निष्ठेवर चालतो, हाच त्याच्या रचनेच्या बाजूचा पुरावा आहे. बाजार त्याला मोठा होऊ देणार नसेल तर त्याला बाजाराबाहेर जागा द्यावी लागेल. ठाण्या-कल्याणच्या कॉलेजांच्या जिमखान्यांना हे सहज जमण्यासारखे आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या जोडीला आठ-आठ क्लबांची एक लीग, आठवड्याला एक सामना, प्रवेशशुल्क शून्य, आणि हंगामाअखेर प्रत्येक मॅनेजरने आपल्या क्लबचा हिशेब सर्वांसमोर मांडायचा. जिंकणाऱ्याला ढाल द्यावी, पण प्रश्न सगळ्यांनाच विचारावेत: हा खेळाडू का घेतला, तो का विकला, कर्ज का काढले. ज्यांना उद्या सोसायटी, मंडळ, पतपेढी किंवा नगरपालिका चालवायची आहे, त्यांना आपला निर्णय चार लोकांपुढे समजावून सांगण्याची आणि त्याच्या निकालासाठी सगळ्यांइतकेच थांबण्याची सवय विशीतच लागलेली बरी.