भय हा अविश्वास होय काय?

आपल्या वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे लष्कराचे दारूगोळ्याचे मोठे भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे आग लागून भयंकर स्फोट झाले. आग विझविण्यास गेलेले कित्येक जवान व दोन लष्करी अधिकारी प्राणास मुकले, आणि जवळच्या खेड्यांतील लोक मुलाबाळांसह अंधारात घरे सोडून निघाले. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात, जुना दारूगोळा नष्ट करतेवेळी, पुन्हा स्फोट होऊन सहा जण मरण पावले.

अशा प्रसंगातून जो वाचतो त्यास लोक म्हणतात, "वाचलास ना? आता विसर." परंतु शरीर सुटले तरी मन कधी कधी त्या रात्रीतच अडकून राहते. स्वप्नात तोच आवाज येतो. ढग गडगडताच छाती धडधडते. ती वाट नकोशी होते. मनुष्य घरच्यांवर चिडतो अथवा मुका होऊन बसतो. हे महिन्याहून अधिक काळ टिकले व कामधंदा बिघडू लागला, तर तो आजार होय. पूर, अपघात, मारहाण, अत्याचार यांनंतरही तो जडतो.

कित्येक मंडळ्यांत अशा मनुष्यास, "तुझा विश्वास उणा आहे," असे सांगतात. हे बोलणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. मोडलेल्या हाडास कोणी पाप म्हणतो काय? एलीयाकडे पाहा. कर्मेल डोंगरावर निर्भयपणे उभा राहिलेला तो संदेष्टा ईजबेलीच्या धमकीने पळाला व झाडाखाली पडून मरण मागू लागला. देवदूताने त्यास दोष दिला नाही. भाकर व पाणी दिले, निजू दिले, आणि पुन्हा उठवून जेवू घातले. बोध मागाहून आला, सेवा आधी आली.

म्हणून उपदेशक बंधूंनो, दुःखिताजवळ बसा. तो बोलेल तितके ऐका. बळेच वदवू नका. दारूने भय निजते, मरत नाही, हे त्यास प्रेमाने सांगा. प्रार्थना करा, आणि त्यास घेऊन सरकारी दवाखान्यात अथवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जा. डॉक्टरांशी बोलण्याने व औषधाने हा आजार पुष्कळांचा बरा होतो. सरकारच्या १४४१६ या दूरध्वनीवर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. कोणी मरणाची भाषा बोलेल तर त्यास एकटे सोडू नका व त्याच दिवशी वैद्याकडे न्या.

साहाय्य मागणे हा अविश्वास नव्हे. भाकर पुढे आली असता ती घेणे, हाही विश्वासच होय.