विचारले नाही म्हणून

सत्याची गरज श्रीमंतापेक्षा गरिबाला अधिक असते, असे मी म्हटले तर तुम्ही हसाल. पण जरा विचार करून पाहा. कोरी वस्तू घेणाऱ्याला खोक्याबरोबर हमीपत्र मिळते. दुकानदार खरे बोलला की खोटे, याची त्याला फारशी फिकीर नसते. वस्तू बिघडली तर तो ती बदलून मागेल. जुनी वस्तू घेणाऱ्यापाशी मात्र विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज काहीच नसते.

हे मनात आले ते बदलापूरजवळ खरवईला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या संगणकामुळे. हा संगणक मूळचा एका कचेरीतून निवृत्त झालेला. निवृत्तीनंतर माणसे भजनाला लागतात, हा खेळाला लागला! संगणकावर खेळ खेळायचे, तर चित्रे भराभर रंगवणारा एक वेगळा कारागीर आत बसवावा लागतो. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. भाच्याकडचे कार्ड २०१४ साली बाजारात आलेल्या जातीचे. नवे खेळ त्याला झेपेनात. शिकवण्या करून त्याने सहा हजार रुपये साठवले होते.

"मग आण की त्यात बसेल ते," मी म्हणालो.

"तसं नसतं, मामा." आणि त्याने मला समजावून सांगितले. त्याच्या पेटीतला वीजपुरवठा बेताचा, कार्डाला जादा वीज देणारी तारच नाही. तेव्हा कार्ड ज्या खाचेत बसते, तिच्यातून मिळणाऱ्या ७५ वॉटांत भागवणारेच कार्ड हवे. फार दणकट कार्ड आणले, तर जुना प्रोसेसर त्याला पुरेसे काम पुरवू शकणार नाही. वाढपी दहा आणि आचारी एक, अशी गत! २०२२ साली आलेले एक स्वस्त कार्ड तर नव्या संगणकात बरे चाले आणि जुन्यात मंदावे, कारण संगणकाशी देवघेव करायला त्याला चारच वाटा ठेवलेल्या आणि जुन्या संगणकातल्या वाटा अरुंद. एवढे सारे चाळून झाल्यावर त्याने २०१९ सालचे जीटीएक्स १६५० हे कार्ड नक्की केले, आणि तेही वापरलेले. किंमत सात हजार आठशे. पैसेवाला इतका अभ्यास कशाला करील?

पण अभ्यासालाही मर्यादा असते. वापरलेले कार्ड घ्यायला आम्ही दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडला गेलो, तेव्हा वाटेत त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. १५ सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम हे आभासी चलन अशाच कार्डांवर 'खणले' जाई. त्या दिवशी ती पद्धत बंद झाली, आणि महिनोन् महिने रात्रंदिवस राबलेली कार्डे ब्रशने झाडूनपुसून जुन्या बाजारात आली. राबलेले प्रत्येक कार्ड वाईट असते असे नाही. पण कपाळावर काही लिहिलेले नसते. त्याहून कडी म्हणजे, जुनाट कार्डातली नोंद बदलून त्याला वरच्या कार्डाचे नाव देणारे महाभागही आहेत. माणूस खोटे बोलतो हे आपल्या अंगवळणी पडले आहे. इथे यंत्रालाच खोटी साक्ष पढवलेली असते. आम्ही कार्ड चालवून पाहिले, पसंत केले आणि विसार देऊन परतलो.

उरलेले अठराशे रुपये यायचे होते ते जुने कार्ड विकून. कात्रपचा एक शाळकरी मुलगा ते घ्यायला तयार होता. कार्डात एक खोड होती. त्याच्या पंख्याची झीज झालेली. ऐन उन्हाळ्यात तासभर खेळले की पडदा काळा होई. थंडीत काही नाही.

"तो विचारेल तेवढंच सांगू ना?" भाच्याने विचारले.

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी ग्रंथ लिहिला, त्यात तो आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी धान्य घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक, गिऱ्हाइकांना नाही. त्याने ते सांगावे काय? बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणे, कायद्याने सांगायला लावलेले दोष सांगितले की पुरे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणे, सारे सांगा. सिसेरोने शिष्याच्या बाजूने कौल दिला.

डायोजेनीसचे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. दोन तरबेज व्यापारी समोरासमोर असतील, तर ज्याने त्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. पण विचारणे हीसुद्धा एक विद्या आहे. काय विचारावे हे कळायला माझ्या भाच्याला कित्येक महिने लागले होते. त्या पोराला ते कुठून कळणार? 'विचारेल तेवढेच सांगू' याचा अर्थ, त्याच्या अज्ञानाची किंमत त्याच्याकडूनच वसूल करू. मी हे भाच्याला म्हणालो खरा, पण पाचशे-सहाशेचे नुकसान त्याचे होणार होते, माझे नव्हे. दुसऱ्याच्या खिशातून सत्य बोलणे सोपे असते. म्हणून, काय करायचे ते तूच ठरव, असे सांगून मी गप्प बसलो.

त्याने त्या मुलाला पंख्याचे सांगितले. मे महिन्यात पडदा काळा होतो तेही सांगितले. पोराने कार्ड उलटसुलट करून पाहिले. "मे महिन्यात आम्ही गावाला जातो," तो म्हणाला आणि तेराशे रुपये मोजले.

कमी पडलेले पाचशे ताईने दिले. मात्र भाऊबिजेच्या ओवाळणीत ते माझ्याकडून वळते करून घेईन, असे बजावूनच.