बोटांच्या बेचक्यातली वाट

लावणीच्या दिवसांत महाड-पोलादपूरकडे चिखल्या न झालेला पाय विरळाच. दिवसभर खाचरात उभं राहून बेचक्यातली कातडी पांढरी पडते, भेगाळते. रात्री मेंदी थापून माणसं झोपतात. एखादी भेग चिघळलीच तर जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते. दोन-चार दिवस लंगडलं की तेही उतरतं.

त्या अवधाणाचे खरं तर आभार मानायला हवेत. पायातली लसिका (लिम्फ) बारीक वाहिन्यांतून वर चढते आणि जांघेतल्या गाठींतून गाळली जाऊन पुढे जाते. भेगेतून शिरलेले जंतू याच वाटेने गाठीपर्यंत पोचतात आणि तिथे पांढऱ्या पेशी त्यांना गाठतात. गाठ सुजते ती या झटापटीने.

ही वाटच मोडली असेल तर? हत्तीपायात कृमींनी वाहिन्या निकामी केलेल्या असतात. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या, तर तीच गत हाताची होऊ शकते. लसिका तिथेच तुंबते, जंतूंना रान मोकळं मिळतं आणि बंदोबस्ताच्या पेशी वेळेवर पोचत नाहीत. मग इतरांना नुसती खाजणारी चिखली या माणसाला काही तासांत आडवं करते: हुडहुडी भरून ताप, लालबुंद तापलेला पाय, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. बहुतेकदा हे काम स्ट्रेप्टोकॉकस जंतूचं. औषधाने ताप उतरतो, पण जाताना उरल्यासुरल्या वाहिन्या खराब झालेल्या असतात. सूज वाढते, आणि वाढलेली सूज पुढच्या दुखण्याला जागा करून देते.

म्हणून सूज आटोक्यात ठेवणं हाच मोठा इलाज. कॅनबेरात पायाला सतत सूज असलेल्या आणि असं दुखणं पुन्हापुन्हा येणाऱ्या 84 रुग्णांवर अभ्यास झाला. तो 2020 साली प्रसिद्ध झाला. दाबाचे मोजे वा पट्ट्या वापरणाऱ्यांपैकी 15 टक्क्यांना, तर न वापरणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांना दुखणं उलटलं.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर महाडकरांनी कित्येक दिवस घरातला गाळ उपसला. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस टाळायला डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात, ती जरूर घ्यावी. पण सुजलेल्या पायाची राखण तिच्यावर सोडू नये. अशा माणसाला गाळात उतरवूच नका. रोज साबणाने पाय धुऊन बेचकं कोरडं करायचं, चिखलीला बुरशीवरचं मलम लावायचं. हुडहुडी भरली तर पाय चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.