आस्मानीच्या रकान्यात

पेशवाईच्या काळातील इजाऱ्याचे किंवा मामलतीचे करारनामे ज्यांनी चाळले असतील त्यांना एक जोडशब्द वारंवार भेटला असेल. सरकारात अमुक इतका वसूल भरावा असे ठरवून झाल्यावर कारकून पुढे लिहितो की, आस्मानी अथवा सुलतानी झाल्यास मुलकाच्या शिरस्त्याप्रमाणे सूट मिळेल. अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट, टोळधाड ही आस्मानी. परचक्र, लूट, फौजेची ये-जा ही सुलतानी. ही वाटणी वसुलाच्या हिशेबापुरती होती आणि ती करणाऱ्याच्या मनात ईश्वराच्या न्यायाची मीमांसा करण्याचा विचार खचितच नव्हता; तथापि आयुष्यात दोन मोठी संकटे डोळ्यांदेखत येऊन गेल्यावर, आणि अशा संकटांविषयी आचार्यांनी व संतांनी जे लिहून ठेवले आहे ते यथाशक्ती वाचल्यावर, माझी अशी समजूत झाली आहे की, त्या अनामिक कारकुनाला जो भेद सहज दिसत होता तो पुष्कळ विद्वानांच्या नजरेतून निसटला आहे.

पहिले संकट पुण्यातले. 12 जुलै 1961, बुधवार. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत आजीजवळ राहत होतो. मुठेची उपनदी असलेल्या आंबीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. त्याचे काम पुरे झालेले नव्हते, तरी त्यात त्या वर्षी प्रथमच पाणी साठले होते, आणि बांध खचतो आहे म्हणून लष्कराचे जवान वाळूची पोती रचीत आहेत अशी कुजबुज होती. त्या सकाळी ते धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खाली असलेला खडकवासल्याचा जुना दगडी बांधही फोडला. आमच्या वाड्यात कोणी अधिकृत सूचना घेऊन आल्याचे मला आठवत नाही. बातमी आली ती सायकलवरून ओरडत गेलेल्या एका मुलाच्या तोंडून, आणि त्याच्या मागोमाग रस्त्याच्या गटारातून उलटे वर येऊ लागलेल्या गढूळ पाण्यातून. आजीने देवघरातला रांगता बाळकृष्ण ओट्यात घातला, काखेत पिठाचा डबा घेतला, आणि एवढ्या दोन गोष्टींवर संसार पुरा झाला अशा मुद्रेने ती रविवार पेठेतल्या मावशीच्या घराकडे चालू लागली. मी वह्यांचे बोचके घेतले होते. ते वाटेत कोठे टाकले, हे मला आजवर आठवलेले नाही.

परतलो तेव्हा वाड्याच्या चौकात मांडीइतका गाळ होता. त्या गाळाला एक वास होता; तो शेणाचा नव्हे, रॉकेलचा नव्हे, धान्य कुजल्याचाही नव्हे, आणि तिन्हींचा होता. देवघरात राहून गेलेला शाळिग्राम तिसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या मोरीत सापडला. खडकवासला गेल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले होते, आणि जे पुणे आदल्या दिवशी पाण्याखाली होते ते दुसऱ्या दिवशी घागरी घेऊन वाड्यावाड्यांच्या विस्मृत आडांपाशी रांगा लावून उभे होते.

अशाच एका रांगेत आमच्या वाड्यातले शास्त्रीबुवा, जे व्युत्पन्न होते आणि ज्यांच्या शब्दाला पेठेत मान होता, ते आजीला म्हणाले, "काकू, पापाचा भार अतिशय झाला की असंच व्हायचं. आचार सुटला, विचार सुटला, नदीनं तरी किती सोसावं?" आजी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. तिने घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "शास्त्रीबुवा, ओंकारेश्वर सुद्धा बुडाला की हो. त्याचं कोणतं पाप?"

शास्त्रीबुवा काही बोलले नाहीत. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद करतो की, त्याच दिवशी दुपारी पंचा खोचून ते आडातला गाळ उपसणाऱ्यांत घमेले घेऊन उभे राहिले, आणि पुढचे कित्येक दिवस ज्यांना अग्नी देणारे कोणी उरले नव्हते अशा प्रेतांसाठी मंत्र म्हणायला ते स्वतः होऊन जात राहिले. दक्षिणा त्यांनी घेतली नाही. त्यांचे हात त्यांच्या सिद्धान्तापेक्षा पुष्कळ शहाणे होते.

आजीचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. दोन वर्षांनी संस्कृत हा विषय घेऊन ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्याचे काही भाग वाचू लागलो, तेव्हा दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात तोच आक्षेप पूर्वपक्षाच्या वेषात भेटला. जगाचे कारण ईश्वर मानावा तर त्याच्यावर वैषम्य आणि नैर्घृण्य हे दोन दोष येतात. म्हणजे तो पक्षपाती ठरतो आणि निर्दयही ठरतो. सिद्धान्ती उत्तर देतो की, ईश्वर फल देतो ते जीवाच्या कर्माला अनुसरून, तेव्हा विषमतेचे मूळ त्याच्यात नव्हे, कर्मात आहे. या ठिकाणी आचार्य दृष्टान्त देतात तो पर्जन्याचा: पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, एका जागी साळ उगवते आणि दुसरीकडे जव, तो भेद बीजांचा. ज्या खोलीत बसून मी हे वाचीत होतो तिच्या भिंतीवर कमरेच्या वरपर्यंत पुराच्या ओलीचा पट्टा अजून दिसत होता, आणि नेमका पर्जन्याचाच दृष्टान्त समोर यावा याचे मला हसू आले होते, हे कबूल करतो.

पुढे मात्र हा दृष्टान्त मला वेगळ्या रीतीने खरा वाटू लागला. बुडालेल्याच्या पूर्वजन्मीच्या कर्माची वही कोणाच्याही पाहण्यात येत नाही, त्यामुळे तिच्यातली नोंद खोटी ठरवता येत नाही. पण जी नोंद कोणी तपासू शकत नाही तिच्या आधारावर शेजाऱ्याला दोषी ठरवणे हे कोणत्याही दिवाणी अदालतीत टिकणार नाही, मग ईश्वराच्या दरबारात ते टिकते असे का मानावे? याउलट या जन्मातले बीज स्पष्ट दिसत होते. धरणातून पाणी सोडण्याच्या मोरीचे काँक्रीट लोखंडी गजांवाचून केलेले होते, दरवाजांचे काम अर्धवट होते, आणि काम ठरल्यापेक्षा लवकर पुरे करण्याची घाई झालेली होती. चौकशीत या गोष्टी पुढे आल्या. पाऊस सर्वांवर सारखा पडला. त्याच्याखाली जे पेरलेले होते ते उगवले. फरक एवढाच की, पेरणारा एक होता आणि पीक ज्याच्या दारात आले तो दुसराच होता. कर्मसिद्धान्ताच्या साच्यात ही गोष्ट बसत नाही. कारकुनाच्या शब्दात ती बिनतक्रार बसते, कारण ती सुलतानी होती. आणि आपण मात्र, शास्त्रीबुवांपासून ते सभेतल्या वक्त्यांपर्यंत सर्वांनी, ती आस्मानीच्या रकान्यात लिहून टाकली होती. दैवाच्या नावे लिहिलेल्या नोंदीचा जाब कोणाला द्यावा लागत नाही.

येथे कोणी म्हणेल की, शास्त्रीबुवा पडले पेठेतले, पण महात्मा गांधींनीही तेच म्हटले होते, त्याचे काय? 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये महाभयंकर भूकंप झाला, मुंगेर आणि मुझफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली. गांधीजी त्या वेळी हरिजनकार्यासाठी दक्षिणेच्या दौऱ्यावर होते आणि त्यांनी जाहीरपणे सांगितले की, अस्पृश्यतेच्या पापाबद्दल हे ईश्वराने केलेले शासन आहे. रवींद्रनाथांना ते सहन झाले नाही. भौतिक घटनांना भौतिकच कारणे असतात, आणि असले युक्तिवाद गांधीजींच्या विरोधकांना अधिक सोयीचे आहेत, कारण तेही हाच भूकंप गांधींच्या धर्मबुडवेपणाच्या माथी मारू शकतील, असा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींनी तो आक्षेप आपल्याच 'हरिजन' पत्रात छापला आणि त्याला उत्तरही दिले. माझ्या मते वादात रवींद्रनाथ निर्विवाद जिंकले. तरी एक गोष्ट गांधीजींच्या बाजूने नोंदवली पाहिजे. त्यांनी पाप दाखवले ते आपले, सवर्ण हिंदूंचे, बोलणाऱ्याच्या स्वतःच्या घरातले. आणि मार्च महिन्यात ते बिहारमध्ये आपद्ग्रस्तांत जाऊन राहिले. दुसऱ्याच्या पापाने नदी कोपली असे म्हणणे आणि माझ्या पापाने भूमी हलली असे म्हणणे, या दोन विधानांतले भूगर्भशास्त्र सारखेच चुकीचे असले तरी त्यांतली नीती एक नव्हे.

समर्थ रामदासांचे दुःखांचे वर्गीकरण मला फार दिवस कोड्यात टाकीत होते. सांख्यांचे भाष्यकार थंडी, ऊन, वारा, पाऊस, वीज यांचे दुःख आधिदैविक तापात घालतात, आणि ते स्वाभाविकही वाटते. परंतु दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थ आधिदैविक हा शब्द देहान्तानंतरच्या यमयातनांपुरता राखून ठेवतात, आणि जगातल्या सर्व भूतांशी आपला जो संबंध येतो त्यातून उपजणारे सारे दुःख आधिभौतिकात टाकतात. ही केवळ परिभाषेची ढिलाई असेल असे मी एके काळी समजत होतो. आता वाटते की, गावोगाव हिंडून दुष्काळ आणि फौजा या दोहोंनी नागवलेला मुलूख ज्यांनी पाहिला त्यांना, कोणते दुःख देवाच्या नावे मांडावे याविषयी काटकसर करावीशी वाटली असेल. हा माझा तर्क आहे. दासबोधाच्या अभ्यासकांनी तो नामंजूर केला तरी माझा हट्ट नाही.

मात्र सगळेच सुलतानीच्या रकान्यात ढकलून मोकळे होण्याची जी आधुनिक रीत आहे तिलाही माझे मन पुरते राजी होत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन करून गावे नुकती निजली असताना, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. त्यांना भूमीने मारले नाही, माळवदांनी मारले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरचे हातभर मातीचे ओझे अंगावर आले. पण तेथे सुलतान कोण म्हणायचा? ते माळवद उन्हाळ्यात गारवा देत होते, पिढ्यान्पिढ्यांच्या शहाणपणाने घातलेले होते, आणि तो प्रदेश मोठ्या भूकंपाचा म्हणून मानला जात नव्हता. कोणाचाही दोष नसलेले, कोणाच्याही नावे न पडणारे असे काही शिल्लक राहतेच. आस्मानी म्हणजे देवाने केलेली शिक्षा असे मी समजत नाही. ज्याचा जाब मागायला कोणी समोर नाही ते आस्मानी. या शिलकेपुढे शांकरभाष्य उघडावे की नुसते हात जोडावे, याचा निर्णय मला करता आलेला नाही. आजीने काय केले असते ते ठाऊक आहे. तिने पिठाचा डबा उघडला असता.

दुसरे संकट आले तेव्हा आजी जाऊन चार तपे उलटली होती आणि मी श्रीवर्धनच्या बाजूला, वडिलार्जित आगरात, म्हातारपण घालवीत होतो. 3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा आवाज मी पूर्वीही ऐकलेला आहे, पण त्या दिवशी त्यात श्वास घ्यायला खंड नव्हता. माड वाकतो, हेलकावे खातो, झावळ्या टाकून देतो आणि पुष्कळदा उभा राहतो. पोफळ तशी नव्हे, ती मध्येच मोडते. पडवीच्या गजांना धरून मी आजोबांच्या हातच्या पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडताना पाहत होतो, आणि कौले उडून गेलेल्या घरात पाऊस थेट माजघरात पडत होता. मन अशा वेळी तत्त्वचिंतन करीत नाही. ते मोजते. मी एकशे बारापर्यंत मोजले, मग सोडून दिले.

पुढच्या आठवड्यात पंचनामा झाला. आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांच्या हिशेबाच्या. एका गुंठ्यात पोफळी दाटीने उभ्या असतात आणि लावलेले रोप हाती पीक द्यायला सहा-सात वर्षे घेते. भरपाई ठरली ती प्रथम क्षेत्रावर, झाडावर नव्हे. त्यामुळे ज्याचे सर्वस्व दहा गुंठ्यांत होते त्याच्या हाती जी रक्कम येणार ती पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याच्या मजुरीलाही पुरण्यासारखी नव्हती. शेजारचा बागायतदार, जो वयाने माझ्या मुलासारखा आहे, तो ओटीवर बसून म्हणाला, "आजोबा, देवानं असं का केलंन?" मी त्याला म्हटले, "वाऱ्याचं देवाला विचार, बाबा. गुंठ्याचं मात्र तहशिलीत विचार." तो अर्ज घेऊन गेला. त्याच्यासारखे पुष्कळ गेले, आणि पुढे झाडागणिक मदत देण्याचा निर्णयही झाला.

माझ्या पंचनाम्याच्या कागदावर नुकसानीचे कारण लिहिण्यासाठी एक ओळ सोडलेली होती. तलाठीण विशीतली मुलगी होती, चिखलातून दोन कोस चालत आली होती. तिने तेथे 'चक्रीवादळ' असे लिहिले, मोडलेल्या पोफळींचा आकडा स्वतः फिरून मोजला, तो माझ्या आकड्यापेक्षा एकोणतीसने अधिक भरला, आणि मी तिच्या आकड्याखाली सही केली.