शोमरोन्याची दुसरी फेरी



नोव्हेंबर महिना आला की आपली पावले दफनभूमीकडे वळतात. आपण थडगी साफ करतो, मेणबत्त्या लावतो, आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. मृतांसाठी आपण काय करू शकतो हे आपल्याला ठाऊक आहे. पण मृत माणूस जिवंतांसाठी काय करू शकतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज तो करू या.

काहींच्या हृदयाचे ठोके मंदावतात. चक्कर येते, माणूस चालता चालता कोसळतो, कधी दगावतोही. अशा रुग्णाच्या छातीत त्वचेखाली पेसमेकर नावाचे छोटे यंत्र बसवतात. बॅटरीवर चालणारे हे यंत्र तारेवाटे हृदयाला हलकासा धक्का देऊन ठोके सांभाळते. पण त्याची किंमत रोजंदारीवर जगणाऱ्याला कशी झेपावी?

अमेरिकेत मृतदेहाचे दहन करण्यापूर्वी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, कारण उष्णतेने त्याच्या बॅटरीचा स्फोट होतो. काढलेले यंत्र बहुधा कचऱ्यात जाते, मग त्याच्या बॅटरीत कित्येक वर्षांचे आयुष्य शिल्लक का असेना! काही डॉक्टरांना हे पाहवले नाही. मृतांच्या नातेवाइकांच्या संमतीने त्यांनी ही यंत्रे गोळा केली. ज्यांच्या बॅटरीत पुरेसे आयुष्य होते तीच निवडली, स्वच्छ व निर्जंतुक केली आणि मुंबईला पाठवली. आपल्या बांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये 53 गरीब रुग्णांना ती बसवण्यात आली. या कार्याचा अहवाल 2012 च्या सुमारास हृदयरोगाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्ग झाला नाही, यंत्रे बंद पडली नाहीत. दूरदेशीच्या अनोळखी मृतांनी मुंबईच्या गरिबांची हृदये चालती ठेवली!

पुढे 2020 साली याहून मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅनडातून मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास व डॉमिनिकन रिपब्लिक येथे पाठवलेली अशी यंत्रे 1051 रुग्णांना बसवली होती. दोन वर्षांत त्यांच्यापैकी शेकडा 2 जणांना जंतुसंसर्ग झाला; नवी यंत्रे बसवलेल्या कॅनडातील रुग्णांत हे प्रमाण शेकडा 1.2 होते. हा फरक निर्णायक म्हणता येणार नाही, असे अभ्यासकांना आढळले.

येथे कुणी विचारील, “म्हणजे श्रीमंतांचे उरलेसुरले गरिबांच्या अंगात घालायचे काय?” प्रश्न रास्त आहे, तो टाळता कामा नये. गरीब मनुष्यही देवाचीच प्रतिमा आहे. त्याला सारे समजावून सांगितले, त्याची संमती घेतली, यंत्राची तपासणी नव्याच्या तोडीची केली, तरच ते दान. नाहीतर ती आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकणे होय.

आणि अशी अडगळ जगात पुष्कळ आहे. गरीब देशांतील इस्पितळांच्या यंत्रांची पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. सोळा देशांत मिळून शेकडा 38 यंत्रे बंद पडलेली होती. सुटे भाग मिळत नाहीत, विजेचा दाब जुळत नाही, दुरुस्ती जाणणारा कारागीर नाही. देणारा फोटो काढून निघून जातो आणि यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते.

प्रभू येशूने सांगितलेला दयाळू शोमरोनी आठवा. त्याने जखमी माणसाला तेल आणि द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसवून उताराशाळेत आणले. एवढ्यावर तो थांबला असता तरी आपण त्याला धन्य म्हटले असते. पण त्याने दोन नाणी दिली, आणि परत येईन तेव्हा अधिक लागलेला खर्च भरीन असे वचनही दिले. त्याची दया एका फेरीत संपली नाही. यंत्र देणारा जो सुटे भागही देतो, कारागिराला शिकवतो, सहा महिन्यांनी विचारपूस करतो, तो शोमरोन्याची दुसरी फेरी करतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात वस्तू फेकून देण्याच्या संस्कृतीबद्दल आपल्याला सावध केले. जेथे वस्तू सहज फेकल्या जातात, तेथे म्हातारी आणि आजारी माणसेही हळूहळू नकोशी होतात.

आपल्या घरांकडे पाहू या. आजी-आजोबांची व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, करोनाच्या वेळी घेतलेले ऑक्सिजनचे यंत्र माळ्यावर पडून नाही ना? ते खाली उतरवू या. पण उतरवले तसेच देऊ नये. चाके फिरतात का पाहावे, ब्रेक दुरुस्त करावा, धुऊन पुसून घ्यावे. विजेवर चालणारे यंत्र जाणकाराकडून तपासून घ्यावे. आपल्या आईला त्यावर बसवू का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर ‘हो’ असेल तरच दुसऱ्याच्या आईला द्यावे. आणि महिन्याभराने त्या घरी पुन्हा एक फेरी मारावी.

हे प्रभो, आमच्या मृतांना चिरशांती दे. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू आम्हांला अडगळ न वाटता कुणाच्या तरी जीवनाचा आधार होवोत. आणि आमची दया अर्ध्या वाटेवर थांबू नये, एवढी कृपा कर. आमेन.