गोळी नको, म्हणजे काय नको?

रक्तदाबाची गोळी टाळतोय, असं चारचौघांत सांगितलं की कौतुक होतं. गोळी घेतोय असं सांगितलं की तीच माणसं आवाज खाली आणून "जपा हो" म्हणतात. दोघांचा आजार एकच असतो, पण एकाला शाबासकी मिळते आणि दुसऱ्याला सहानुभूती. सध्या मी शाबासकीवाल्यांत आहे आणि ती मला आवडते, जरा जास्तच आवडते. ती का आवडते याचा हिशेब एकदा स्वतःपाशी मांडावा, म्हणून हे लिहितो आहे.

आधी वस्तुस्थिती. मी पंचावन्न ओलांडलेला, बैठं काम करणारा, पोट सुटलेला माणूस. वार्षिक तपासणीत दाब १४८/९२ निघाला. घरी मोजला तरी फारसा उतरला नाही. मधुमेह नाही, मूत्रपिंड ठीक, हृदयाचा आलेख ठीक. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "एवढ्या दाबाला, बाकी काही नसेल तर, तीन महिने मीठ, वजन, चालणं यांवर काम करून बघा. १६०च्या पुढे असता किंवा साखर असती तर आजच गोळी लिहिली असती." म्हणजे गोळीवाचून राहणं हा माझा निर्धार नव्हता. ती सवलत होती, आणि ती वैद्यकशास्त्रानंच दिलेली होती. तरी ही हकीकत सांगताना तिचा सूर कसा बदलतो, हे मी स्वतःच्याच कानांनी ऐकतो. सकाळी फिरताना मैदानावर तीन फेऱ्या होईपर्यंत तिच्यात डॉक्टर गोळीचा आग्रह धरणारे होतात आणि मी न झुकणारा.

मला गोळी का नको आहे, या प्रश्नाला माझं तयार उत्तर आहे: "एकदा लागली की सुटत नाही." हे उत्तर मी अनेकांकडून ऐकलं आणि न तपासता आपलंसं केलं. तपासलं तर त्यात फारसं काही उरत नाही. चष्मा लागला म्हणून डोळ्यांना चष्म्याचं व्यसन लागलं, असं कुणी म्हणत नाही. सुटत नाही तो दाब, गोळी नव्हे. शिवाय मी जे करतो आहे ते तरी कुठं सुटणार आहे? चालणं थांबलं, वजन परत आलं, पानात लोणचं-पापड परतले की दाबही परततो. दोन्ही वाटा जन्मभराच्याच आहेत. मग मला टाळायचं आहे ते जन्मभराचं बंधन नाही. मला टाळायचा आहे तो वारांची नावं लिहिलेला प्लास्टिकचा डबा, जो मी वडिलांच्या उशाशी पाहिला. मला म्हातारा व्हायचं नाही, आणि हे सांगायला लाज वाटते म्हणून मी आरोग्याची भाषा बोलतो.

दुसरं उत्तर "नैसर्गिक" या बाजूचं. औषध म्हणजे रसायन, आपण आपलं निसर्गाच्या मार्गानं जाऊ. हा युक्तिवाद मुंबईतच उलटा पडला आहे. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या मुळीचे उच्च रक्तदाबावरचे अनुभव प्रसिद्ध केले. आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली ही वनस्पती त्यानंतर जगभरच्या दवाखान्यांत पोचली, आणि डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाबावरच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी एक असं आपल्याच मातीतून आलं. आणि मातीतून आलं म्हणून ते निरुपद्रवी नव्हतं. त्यातून वेगळं काढलेल्या रेसर्पिनमुळे काही रुग्णांना खिन्नता येते, अशा तक्रारी पुढे नोंदल्या गेल्या. झाड की कारखाना हा प्रश्नच गैरलागू आहे. किती मात्रा, कुणाला, किती काळ, हे प्रश्न खरे, आणि त्यांची उत्तरं मला मैदानावरच्या गप्पांत मिळणार नाहीत.

गोळ्याच नव्हत्या त्या काळाकडे मन फार ओढ घेऊ लागलं की मी रूझवेल्ट आठवतो. मार्च १९४४मध्ये अमेरिकेच्या या राष्ट्राध्यक्षांचा रक्तदाब तरुण हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांना १८६/१०८ आढळला. हृदयासाठी डिजिटॅलिस दिलं गेलं. पण दाबासाठी सांगण्यासारखं होतं ते एवढंच: मीठ कमी, सिगारेटी कमी, वजन कमी, विश्रांती. जगातल्या सगळ्यांत ताकदवान माणसाला उत्तमातली उत्तम 'जीवनशैली' देता येत होती. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावानं ते गेले. त्या दुपारी दाब ३००/१९०च्या घरात होता. पुढे १९६७ साली अमेरिकेत माजी सैनिकांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष तीत होते. नकली गोळी मिळालेल्यांत २७ गंभीर घटना घडल्या, खरं औषध मिळालेल्यांत दोन. मी ज्या गोळीकडे नाक मुरडतो तिच्यासाठी तेव्हाच्या किती घरांनी काहीही दिलं असतं.

याचा अर्थ मी करतो आहे ते वाया आहे असा नाही. त्यालाही भक्कम आधार आहे, आणि तोही मला प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' आहाराच्या प्रयोगात ४५९ माणसं होती. भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही वाढवलेला, स्निग्ध पदार्थ कमी केलेला हा आहार आठ आठवडे घेतल्यावर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब सरासरी ११ अंकांनी उतरला, तोही मीठ न घटवता. २००१च्या पुढच्या प्रयोगात मीठही कमी केलं, तेव्हा तो आणखी उतरला. वजनाचा ढोबळ हिशेब किलोमागे साधारण एक अंक असा सांगतात. नियमित भरभर चालण्यानं आणखी काही अंक जातात. माझ्यासारख्या सीमेवरच्या माणसाला एवढं पुरू शकतं.

पण मी लोकांना 'डॅश'चे अकरा अंक सांगतो तेव्हा एक तपशील गाळतो. त्या प्रयोगातल्या माणसांचं सगळं जेवण संशोधकांनी शिजवून, मोजून दिलेलं होतं. २००३च्या 'प्रीमियर' प्रयोगात लोकांना समुपदेशन दिलं आणि स्वयंपाक त्यांचा त्यांच्यावर सोडला, तर फरक त्याहून लहान निघाला. आहार सुधारण्याचं अर्धं काम पानावर बसणाऱ्याचं नसतंच. ते ओट्याशी उभं राहणाऱ्या माणसाचं असतं.

आमच्या ओट्याशी बायको उभी असते. तिलाही नोकरी आहे. मी दवाखान्यातून "मीठ कमी" हे दोन शब्द घेऊन आलो आणि ते काम आपोआप तिचं झालं. कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद केलं तिनं. आमटीत आमसूल, कोशिंबिरीत लिंबू, भाजीत ओलं खोबरं आणि मिरी वाढवून अळणीपणा झाकला तिनं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, एवढंच मीठ सांगते, आणि आपण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. हे सगळंच मिठाच्या बरणीतून येत नाही. काही मीठ किंवा त्यातलं सोडियम येतं पापडातून, पापडखारातून, फरसाणातून, पावातून, खारीतून, ढोकळ्या-भज्यातल्या सोड्यातून. हे शोधून डबे रिकामे केले तेही तिनंच. उपासाला सैंधव आणून "हे चालतं" असं मी म्हणालो, तेव्हा तेही मुळात सोडियम क्लोराइडच आहे हे तिनं मला सांगितलं. पोटॅशियम मिसळलेलं मीठ मिळतं, तेही आणायचं ठरवलं होतं. "मूत्रपिंडाचा त्रास किंवा काही विशिष्ट गोळ्या असतील तर ते घातक ठरतं. तुम्हाला चालेल, पण घरात आईही जेवतात," असं म्हणून तिनंच ते थांबवलं. आणि चारचौघांत मी म्हणतो, "मी मीठ सोडलं."

घरकामाला येणाऱ्या मावशींनाही रक्तदाब आहे. माझ्यापेक्षा जास्त आहे. त्या महापालिकेच्या दवाखान्यातून महिन्याची गोळी आणतात, सकाळी पाण्याबरोबर घेतात आणि पाच घरची भांडी घासायला निघतात. एकदा मी त्यांना चालण्याचं महत्त्व सांगू लागलो. त्या म्हणाल्या, "दादा, मी दिवसभर चालतेच की." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. माझी जीवनशैली बदलण्यासाठी सकाळचा रिकामा तास लागतो, पायांत चांगले बूट लागतात, फळांना पैसे लागतात, रात्रीची पुरेशी झोप लागते आणि स्वयंपाकघरात दुसरं माणूस लागतं. हे सगळं हाताशी असलेल्यानं आपल्या गोळीविना असण्याला चारित्र्याचं प्रमाणपत्र समजू नये. मावशींची रोजची न चुकणारी गोळी ही माझ्या चालण्याइतकीच शिस्त आहे. खरं तर जास्त, कारण तिचं कौतुक करायला कुणी नाही.

आकड्यांशी माझं वागणं हा आणखी एक नाजूक भाग. दाब मोजण्याचे नियम मला पाठ आहेत. अर्धा तास आधी चहा नाही, पाच मिनिटं स्वस्थ बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, दोनदा मोजून दोन्ही आकड्यांची नोंद. पण आकडा वाढलेला आला की हात तिसऱ्यांदा यंत्राकडे जातो. तोही वाढलेला आला तर आज झोप झाली नव्हती, हे आठवतं. कमी आला तर झोपेचा विषय निघत नाही. आणि एक गोष्ट मला कळलेली असूनही मी मोठ्यानं बोलत नाही: दवाखान्यात सीमा १४०/९०ची, पण घरी शांतपणे मोजताना ती १३५/८५ धरतात. माझी घरची सरासरी सध्या या रेषेच्या अलीकडे-पलीकडे आहे. "एकशेचाळीसच्या आत आला" हे माझं वाक्य खरं आहे आणि तरी दिशाभूल करणारं आहे. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. त्याच्याबद्दल स्वतःला फसवलं तर पकडणारं कुणी नसतं. रक्तवाहिन्या मात्र मी वहीत काय लिहिलं ते वाचत नाहीत.

आणि मग सकाळच्या फिरण्यातले एक जुने सोबती. त्यांना साखर आहे, दाबाच्या दोन गोळ्या आहेत. मध्यंतरी ते मला म्हणाले, "तुम्ही जमवलंत राव. मीही बंद करून बघू का?" मी ताबडतोब "नाही, डॉक्टरांना विचारा" असं सांगितलं, दाबाच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तर दाब उसळतो हेही सांगितलं. उत्तर बरोबर होतं. पण उत्तर देण्याआधी एक क्षण मला सुखावल्यासारखं झालं. कुणीतरी मला गुरू मानत होतं. त्या क्षणाचं मला भय वाटतं. माझ्या १४८ला जी सवलत होती ती त्यांच्या दाबाला आणि साखरेला नाही, आणि मी कौतुकाच्या भरात सवलतीचा भाग वगळूनच गोष्ट सांगत आलो होतो, म्हणून तर त्यांना तो प्रश्न पडला. माझ्या अर्धवट सांगण्यावर विसंबून एखाद्याचा अर्धा देह लुळा पडला, तर "मी असं म्हटलंच नव्हतं" एवढ्यावर माझी सुटका होईल का? कायद्यानं होईल.

तेव्हा मला दाब कमी हवा आहे की गोळीवर विजय हवा आहे, हे ठरवणं भाग आहे. दोन्ही एकदम हवेत असं वाटतं तोवर प्रश्न सोपा असतो. दोहोंपैकी एकच मिळणार असं दिसलं की मग कळतं आपण कशासाठी चालत होतो. दाब कमी हवा असेल तर गोळी आणि चालणं एकमेकांचे वैरी नाहीत. गोळी सुरू झाली तरी मीठ कमीच राहायला हवं, कारण त्यानं गोळीलाही हातभार लागतो. आणि गोळी मिळाली म्हणून लोणच्याची बरणी परत उघडायची, हीसुद्धा त्याच हट्टाची दुसरी बाजू ठरेल.

काही गोष्टी बदलल्या आहेत. रविवारचा आणि एका मधल्या वारचा स्वयंपाक मी करतो. कमी मिठात चव आणणं किती अवघड आहे हे त्यामुळे निदान कळतं. मैदानावर गोष्ट सांगायची वेळ आलीच तर आकडा, डॉक्टरांची अट आणि घरातला हात, तिन्ही सांगतो. गोष्ट त्यामुळे बरीच निरस होते आणि पुढे फारसं कुणी विचारत नाही. कौतुकाची हौस अजून गेलेली नाही. ती जाईल असं वाटतही नाही.

म्हणून निर्णय त्या हौसेच्या हाती ठेवलेला नाही. तीन महिन्यांची मुदत संपेल तेव्हा घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५च्या वर असेल तर गोळी सुरू करायची, हे मी डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे आणि बायकोलाही. मोजणीच्या आठवड्यात आकडे तीच लिहून घेणार आहे, पहिले दोन, जसे येतील तसे. त्या दिवशी मला स्वतःला पटेल अशी एखादी सबब नक्की सुचेल, आणि ती माझ्याइतकी सहज तिला पटणार नाही.